वय ४६, टेबलावर व्हीआरएसचा फॉर्म: आता नवं काय शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका इंजिन प्लांटमध्ये २३ वर्षं, त्यातली शेवटची १४ क्वालिटीत. इंजिनाची एक लाइन बंद होतेय, कंपनीनं व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती योजना) काढलीय, सहीला पाच आठवडे उरलेत. रक्कम १८ लाख. घरी बालवाडीत शिकवणारी पत्नी (महिना ११,०००), बारावीतली मुलगी, ७४ वर्षांचे वडील आणि ९ लाखांचं घरकर्ज. भाचा म्हणतो, ‘मामा, डेटा सायन्स करा. सहा महिन्यांचा कोर्स, २ लाख ८० हजार, हप्त्यानं भरता येतात.’ तुम्ही विचारलंय की या वयात शिकणं जमेल का, आणि हा कोर्स करू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नका करू. कारण पुढे येईलच. शिकणं मात्र जमेल. तुम्हाला जड जाणार आहे ते वेगळंच काहीतरी, आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही.

मी मूळचा कातारी. आयटीआय करून लेथवर लागलो, १९ वर्षं एका शॉपमध्ये काढली आणि ४१व्या वर्षी कारखाना बंद पडला. हातात साडेसहा लाख आले. त्यातले चार लाख मित्राच्या पावडर कोटिंगच्या धंद्यात घातले, कारण मला मालक म्हणवून घ्यायची घाई झाली होती. पावडर कोटिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चौदा महिन्यांत शटर खाली आलं. मग एका आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. निदेशक म्हणून टिकायचं तर प्रशिक्षकाचा कोर्स हवा हे कळल्यावर ४३व्या वर्षी मुंबईत चुनाभट्टीच्या एटीआयमध्ये (आयटीआयचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था) वर्षभर बाकावर बसलो. शेजारचा मुलगा २२ वर्षांचा होता. त्यानंतर शिकवणं चालू ठेवून, लाइन बंद झालेल्या, कंत्राट संपलेल्या माणसांबरोबर बसून ‘आता काय’ याचा हिशेब मांडत आलोय. दोनशेच्या वर माणसं झाली असतील.

शिकण्याचा मुद्दा आधी संपवू. पहिला महिना वाईट जातो. चाळिशी नाकावर घेऊन लॅपटॉपकडे आणि फळ्याकडे आलटून पालटून बघताना मान दुखते. चोवीस वर्षांचं पोरगं भराभर बोलत असतं आणि आपल्याला वाटतं, सगळ्या वर्गाला कळलं, मलाच कळलं नाही. (वर्गातल्या निम्म्यांना कळलेलं नसतं. ते फक्त विचारत नाहीत.) शिफ्टमध्ये राबलेल्या माणसाचं झोपेचं गणित बिघडलेलं असतं, त्यामुळे रात्रीचा अभ्यास होत नाही, पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ खरी. पाठांतर मागे पडतं हेही खरं. पण नवी गोष्ट जुन्याला जोडलेली असेल तर तुमच्या वयाचा माणूस पोरांपेक्षा लवकर पुढे जातो. माझ्याकडचे एक गृहस्थ, वय ४८, सीएमएमचं (यंत्रभागांची अचूक मापं घेणारं यंत्र) प्रोग्रॅमिंग शिकायला गेले. संगणकाची भीती इतकी की माऊस धरताना हात ताठ. पण ड्रॉइंग वाचणं, डेटम (मापं जिथून घ्यायची तो आधार) कुठला धरायचा, पोझिशनचा टॉलरन्स (चालणारा फरक) का दिलाय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. सॉफ्टवेअरची बटणं तीन आठवड्यांत बसली. त्यांच्याबरोबरच्या डिप्लोमाच्या पोरांना बटणं तीन दिवसांत आली, डेटम मात्र वर्ष उलटलं तरी येईना.

आता जड जाणारी गोष्ट. २३ वर्षं तुम्ही कुठले, कोण, हे कंपनीच्या नावावर भागत होतं. सोसायटीत, सोयरिकीत, बँकेत. ते नाव एका सहीनं जातं. आमच्या ओळखीतला एकजण व्हीआरएसनंतर दीड महिना सकाळी कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा. दोन-चार जणांशी बोलायचा आणि बस वळणावर दिसली की घरी फिरायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, चालायला जातो. पुढे त्याला भोसरीत काम मिळालं, तिथला मालक २९ वर्षांचा. तो पोरगा त्याला ‘काका’ म्हणायचा, अगदी आदरानं म्हणायचा, पण पंधरा माणसांसमोर ‘काका, ही शीट अशी नाही भरायची’ म्हटलं की याचा दिवस खराब व्हायचा. चौथ्या महिन्यात काम सोडलं. काम येत होतं, पगारही बरा होता. मी आजवर पाहिलेल्या फसलेल्या बदलांपैकी बहुतेक अशाच कुठल्यातरी खराब दिवशी फसले, परीक्षेत नापास होऊन फार थोडे.

तुमच्यापुढे हे येणारच आहे, म्हणून आत्ताच घरात बोलून ठेवा. मुलीला सांगा, वडिलांना सांगा. लपवलेल्या गोष्टीचं ओझं अभ्यासाच्या ओझ्यापेक्षा जास्त असतं.

‘कोर्स केला की काम मिळतं’ ही समजूत किती महागात पडते ते आपल्या मुंबईनं पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या असंख्य जणांना गिरणी परत दिसलीच नाही. उत्तम साचेवाले, जॉबर (गिरणीतले मुकादम) पुढे वॉचमन झाले, भाजीच्या गाडीवर उभे राहिले, गावी परतले. नंतर १९९२मध्ये केंद्रानं राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. उदारीकरणात काम गेलेल्यांना नवं प्रशिक्षण आणि नवं काम द्यायचं, असा त्याचा घोषित हेतू. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा सार्वजनिक उद्योगांतल्या व्हीआरएसची रक्कम चुकती करण्यातच गेला, पुनर्प्रशिक्षण नावापुरतं राहिलं. आणि ज्यांना प्रशिक्षण मिळालं, त्यांच्यासाठी पलीकडे कुणी गिऱ्हाईक उभं होतं का, हे कोण बघणार? मी कातारी असताना आमच्याकडे एक जुने जॉबर गेटवर होते. सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, हाताच्या चिमटीत सांगायचे. त्यांना कोणीतरी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करायला लावला होता.

म्हणून माझा आग्रह असतो: आधी गिऱ्हाईक, मग कोर्स. तुम्हाला पैसे देऊ शकेल असा खराखुरा माणूस आधी शोधा, त्याच्यासमोर बसा, ‘माझ्यात काय कमी आहे’ असं विचारा, आणि तो सांगेल तेवढाच तुकडा शिका. डेटा सायन्सच्या बाबतीत असा माणूस तुमच्यापुढे आहे का? ४६व्या वर्षी, कोडिंगचा अनुभव नसताना, तुम्ही त्या रांगेत २३ वर्षांच्या पदवीधरांच्या मागे उभे राहाल. ते १८,०००वर काम करायला तयार असतात आणि आईवडिलांकडे राहतात. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण त्यानं स्वतःच्या वयाला शोभणारा सल्ला दिलाय.

अशा कोर्सवाल्यांकडे जायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. एक, करारात ‘नोकरीची हमी’ लिहिलंय की ‘नोकरीसाठी साहाय्य’; जाहिरातीत पहिलं असतं, कागदावर बहुधा दुसरं. दोन, हप्ता म्हणजे संस्थेला दिलेला हप्ता नसतो, ते कुठल्यातरी वित्तकंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स तिसऱ्या महिन्यात सोडला तरी हप्ते चालूच. मागच्या बॅचमधल्या चाळिशीपुढच्या तिघांचे फोन नंबर मागा. ते देताना तोंड कसं होतं ते पाहा.

आता पैसे. इथे जरा वेळ घालवणार आहे.

व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाखांपर्यंत करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. उरलेले १३ लाख त्या वर्षीच्या पगारात मिळवले जातात. नव्या करप्रणालीनं धरलं तर माझा ढोबळ अंदाज सव्वा ते दोन लाख कर जाईल. आर्थिक वर्षात किती महिन्यांचा पगार घेऊन बाहेर पडताय यावर ते अवलंबून, म्हणून बाहेर पडण्याची तारीख सीएला दाखवून ठरवा. ग्रॅच्युइटी वेगळी: मूळ पगार अधिक महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. तुमचा बेसिक-डीए ३२,००० धरला तर २३ वर्षांचे साधारण ४ लाख २५ हजार. एचआरकडून दोन्ही आकडे वेगवेगळे आणि लेखी घ्या. ‘१८ लाखांत सगळं आलं’ असं तोंडी सांगितलेलं मी ऐकलंय, म्हणून म्हणतो.

पीएफला हात लावू नका. पुढच्या नोकरीत त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) ते हलवता येतं. पेन्शनसाठी १० वर्षं लागतात, ती तुमची कधीच झालीत. ५८ला पूर्ण पेन्शन, ५०नंतर घेता येतं पण ५८ला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षामागे ४ टक्के कपात. पुढे पीएफ लागू असलेली नोकरी करणार नसाल तर स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी झालेल्या नोकरीच्या वर्षांचा पीएफ कार्यालयाचा दाखला) काढून ठेवा.

मेडिक्लेम ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. कंपनीची ग्रुप पॉलिसी तुम्ही बाहेर पडलात की थांबते आणि वडील ७४चे आहेत. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि तसं गेलात तर जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षेत आधीची वर्षं धरली जातात. त्यासाठी अर्ज निदान महिनाभर आधी द्या. तुमच्याकडे पाचच आठवडे आहेत, म्हणजे याच आठवड्यात.

घरखर्च तुम्ही कर्जाच्या हप्त्यासह ४८,००० लिहिलाय. तो ४८ राहणार नाही. कंपनीची बस गेली, कॅन्टीनचं नाममात्र दरातलं जेवण गेलं, विम्याचा हप्ता आला, ७,००० वाढतात. पत्नीचे ११,००० वजा जाता महिन्याला ४४,०००ची तूट. बारा महिन्यांचे ५ लाख २८ हजार. हे वेगळ्या खात्यात टाका, बाकीची रक्कम मुदत ठेवीत, आणि पासबुक पत्नीच्या कपाटात. त्या ५ लाख २८ हजारांतले निम्मे संपले, म्हणजे सहावा महिना संपला, की मनाजोगतं काम शोधणं थांबवायचं आणि समोर येईल ते घ्यायचं. हा नियम आत्ता, डोकं शांत असताना ठरवा. सहाव्या महिन्यात तो ठरवता येत नाही, तेव्हा ‘अजून पंधरा दिवस’ सुरू होतं.

घरकर्ज एकरकमी फेडून टाकावं असं घरचे सगळे सांगतील. मी वर्षभर थांबा म्हणेन. व्याजात थोडं नुकसान होतं, मान्य. पण पगार बंद झाल्यावर कुठलीही बँक तुम्हाला दारात उभं करत नाही, आणि फेडलेले ९ लाख वडिलांच्या ऑपरेशनच्या रात्री परत मागता येत नाहीत. काम लागून सहा महिने झाले की खुशाल फेडा. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. एक दोनशेपानी वही घ्या आणि गेल्या १४ वर्षांत प्रत्यक्ष काय केलं ते लिहा. ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ असा हुद्दा नका लिहू, कामं लिहा. कुठली तक्रार आली होती, मूळ कारण कसं शोधलं, पुरवठादाराच्या शॉपमध्ये जाऊन काय बंद केलं, ग्राहकाच्या ऑडिटला कोण सामोरं गेलं, गेज आर अँड आर (मोजमापाच्या साधनावर किती भरवसा ठेवायचा याची तपासणी) कोणी केलं, पीपीएपीची (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची कागदपत्रं) फाइल कोणी बांधली. माणसं पहिल्या दिवशी अर्धं पान लिहितात आणि म्हणतात झालं. आठवडाभर वही उघडी ठेवा, वीस पानं होतात. मोठ्या कंपनीत ही कामं रोजची म्हणून कुणी मोजत नाही. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये ती येणारा एकही माणूस नसतो, आणि मालक ग्राहकाच्या ईमेलना रात्री बारा वाजता स्वतः उत्तरं देत असतो.

बदल करताना एक पाय जमिनीवर ठेवा: एकतर काम तेच ठेवून उद्योग बदला, नाहीतर उद्योग तोच ठेवून काम बदला. दोन्ही एकदम बदललं की काय होतं ते मी पावडर कोटिंगमध्ये चार लाख मोजून शिकलो. तुमच्या बाबतीत पहिला मार्ग सरळ दिसतो. इंजिन कमी होतंय, मोजमाप कमी होत नाहीये. विजेच्या गाडीतही मोटरचा शाफ्ट मोजावा लागतो, बॅटरी पॅकचं डायकास्ट कव्हर मोजावं लागतं. २०२२मध्ये विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस १५६चे (वाहनांसाठीचं भारतीय मानक) नियम कडक झाले, आणि पुरवठादारांवर कागदपत्रांचं ओझं वाढलं. कॅलिब्रेशनच्या (मोजमापाची साधनं तपासण्याच्या) एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, त्या आयएसओ १७०२५ या मानकावर चालतात. वैद्यकीय उपकरणं बनवणारे आहेत, त्यांचं आयएसओ १३४८५. भाषा तुमच्याच घराण्यातली, बोली वेगळी.

शिकायचे तुकडेही मग छोटे निघतात. आयएटीएफ १६९४९च्या (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) अंतर्गत ऑडिटरचं दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, सीएमएमचं सॉफ्टवेअर, एक्सेल नीट (पिव्होटपर्यंत तरी), आणि इंग्रजीत ईमेल लिहायचा सराव. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थांचे अल्पमुदतीचे कोर्स खासगीपेक्षा स्वस्त आणि हाताला काम देणारे असतात. सगळं मिळून ४०,०००च्या वर खर्च व्हायला नको. व्हायला लागला तर थांबा, तुम्ही भीतीपोटी प्रमाणपत्रं गोळा करताय. तो एक रोगच आहे. माझ्याकडे एकजण अकरा प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आला होता, मुलाखतीला मात्र एकदाही गेला नव्हता.

हातानं काम करण्याकडे, वायरिंग-सोलरकडे ओढा असेल तर आयटीआयला वरची वयोमर्यादा नाही, वीजतंत्री किंवा तारतंत्री आजही करता येतं. पण त्यात दोन वर्षं जातात आणि तुमच्यावर ९ लाखांचं कर्ज आहे. धंद्यासाठी पीएमईजीपीत (केंद्राची स्वयंरोजगार योजना) कर्जावर अनुदान मिळतं, तिथेही वयाची वरची अट नाही. पण धंदा करायचा तर आधी वर्षभर त्याच धंद्यात दुसऱ्याच्या पैशावर नोकरी करा. माझा घाव जुना आहे, म्हणून सांगतो.

पगार उतरेल. आज हातात ६२,००० येतात. भोसरी-चाकणच्या छोट्या युनिटमध्ये ३४ ते ३८ हजारांपासून सुरुवात होईल. ३५ धरले तरी महिना ९,०००ची तूट राहते. दीड-दोन वर्षांत ती भरून निघालेली मी पाहिलीय, कारण एकदा ग्राहकाचं ऑडिट तुमच्यामुळे निभावलं की मालक तुम्हाला सोडत नाही. निघाली नाही असंही पाहिलंय. हा आकडा पत्नीला आज सांगा, आणि तिला सांगताना ठरवून सांगू नका, विचारा. घरात पुढची दोन वर्षं तिचे ११,००० हाच एकमेव न चुकणारा पगार असणार आहे. कदाचित तिच्याच कामाकडे बघायची वेळ आली असेल. बालवाडीऐवजी मान्यताप्राप्त शाळेत जायला तिला कुठला कोर्स कमी पडतो, हे कुणी तिला विचारलंय का?

सही करायची का? लाइन बंद होतेय तर बहुधा करावी लागेल. दुसऱ्या प्लांटला बदली मिळते का हे एचआरला लेखी विचारा. ‘पुढची स्कीम जास्त देईल’ म्हणून थांबलेल्यांना कधी जास्त मिळालं, कधी दूरच्या राज्यातल्या बदलीचा कागद. पण सही शेवटच्या आठवड्यात करा, त्याआधी नको. आधीचे चार आठवडे अजून तुमच्या खिशात कंपनीचं ओळखपत्र आहे. ‘अमुक कंपनीत क्वालिटीत आहे, जरा भेटायचंय’ असं सांगितलं की छोट्या युनिटचा मालक चहा पाजतो. ‘होतो’ म्हटलं की दाराशीच ‘बायोडेटा ठेवून जा’.

तुम्ही वर्षानुवर्षं ज्या पुरवठादारांकडे ऑडिटला जात होता, त्यांची यादी करा. ज्यांना तुम्ही नुसतं झापलं त्यांची नावं खोडा. ज्यांच्याकडे थांबून प्रश्न सोडवला, अशी पाच-सहा उरतील. वही बरोबर घ्या. रजा टाकायची तर सोमवार-मंगळवारची टाका, बुधवारी मालक डिस्पॅचच्या मागे असतात, आणि गुरुवारी भोसरी बंद.